पंधरावा पारा

समीर, आयेशा,

तुम्हांला मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही, म्हणून हे तुमची आई तुम्हांला वाचून दाखवेल. वर्तमानपत्राच्या पुरवणीचे वाचकही वाचतील, पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही दोघंच आहात. तुमचे नाना जाऊन आता दोन महिने होत आले. एवढ्यात लिहायचं मनात नव्हतं. पण मागच्या शुक्रवारी फोनवर समीरने विचारलं, "नानी, मला त्यातलं काहीच कळत नाही, मग कुरआन वाचायचा कशाला?" फोनमध्ये आवाज मध्येच बुडत होता, मागून तुमची आई त्याला दटावत होती... मी म्हटलं, बेटा, लिहून कळवते. खरं तर हा प्रश्न नानांना विचारायचा होता. त्यांनी तो वीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात त्यांचा उरलेला जन्म मोठ्या आनंदात गेला.

त्यांच्या शेवटच्या सकाळी आम्ही रोजच्यासारखेच बसलो होतो. फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली होती, चहा झाला होता. वर्षभरापासून मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी वाचायची आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. मी जरा भराभर वाचायला लागले की टोकायचे, "हळू वं! गाडी सुटून राह्यली का तुही?" त्या दिवशीही टोकलं. मी हळू झाले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला. हात वर झाला की थांबायचं, असा आमचा नियम होता. मी कुरआन मिटून जागेवर ठेवला आणि भाजी निवडायला आत गेले. परत आले तेव्हा ते तसेच बसलेले होते, हात मांडीवर, मान जराशी खिडकीकडे... डॉक्टर म्हणाले, काही जाणवलंसुद्धा नसेल.

नाना भिवापूरचे. त्यांच्या वडिलांचा मिरचीचा व्यापार होता. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं ते शिंकत शिंकतच, आणि सासूबाई, म्हणजे माई, हसून म्हणाल्या होत्या, "शिंक बाई, शिंक. आमच्या घरात मिरची आधी सलाम करते." माझं माहेर नागपूरचं, घरात उर्दू, शाळा मिशनची, शिक्षण सगळं इंग्रजीतून. त्यांच्या घरात वऱ्हाडी. मराठी दोघांनाही येत होती, म्हणून आम्हा दोघांची भाषा तीच ठरली. ते नागपूरच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा. कोणाच्या मुलाचा दाखला अडला, कोणाला अर्ज लिहून हवा असला, कोणाच्या जमिनीचा कागद वाचायचा असला, की माणसं मास्तरांकडे येत. ज्याला सगळं वाचता येतं असा माणूस, अशी त्यांची ओळख होती.

आमच्या घरातला कुरआन उंच फळीवर असायचा, हिरव्या मखमली बासनात गुंडाळलेला. दर ईदला नाना त्याच्यासाठी नवं बासन शिवून आणायचे, शेजारच्या करीमभाई दर्जींकडून, कापड स्वतः निवडून. रोज सकाळी तो खाली उतरवायचा, फडक्याने पुसायचा, कपाळाला लावायचा आणि पुन्हा फळीवर. लग्नाला दहा वर्षं झाली तोवर त्यांनी तो उघडलेला मी पाहिला नव्हता, पण त्याच्यावर कधी धूळ बसलेलीही पाहिली नव्हती. मला वाटायचं, पुरुषमाणसं मशिदीत वाचत असतील.

माझं उलटं होतं. मी आठव्या वर्षी कुरआन पूर्ण केलेला, त्याचे लाडू वाटलेले. दर रमजानात रोज एक पारा, म्हणजे तीस भागांतला एक भाग, ठरल्या वेळेत संपवायचा. कुकर चढवून बसायची आणि तो उतरवायच्या आत उठायची. तुमची आई सांगेल, माझी सगळी कामं घड्याळावर चालतात. तेही एक काम होतं, नीट आणि वेळेवर केलेलं.

मग माई गेल्या. भिवापूरलाच, थंडीत. त्यांच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, आम्ही नागपूरच्या घरी कुरआनखानी ठेवली. तुमच्याकडे ही रीत तुम्ही पाहिली नसेल, म्हणून सांगते. कुरआनचे तीस पारे वेगवेगळ्या पातळ पुस्तकांत बांधलेले असतात, लाकडी पेटीत ठेवलेले. पांढऱ्या चादरीवर माणसं बसतात, जो तो एक पारा उचलतो, वाचतो आणि वाचून झालेल्यांच्या ढिगात ठेवतो. असा घटकाभरात सगळा कुरआन पूर्ण होतो आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं अशी दुआ मागतात. पुरुष बाहेरच्या खोलीत होते, आम्ही बायका आत. तिसांचे तीस पारे ढिगात पडले, सगळा कुरआन पाठ असलेल्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी दुआ मागितली, सगळे आमीन म्हणाले, संत्री आणि खारी खाऊन घरोघर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नाना त्या चादरीवर पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. मी म्हटलं, "अहो, पेटी परत द्यायची आहे मशिदीत."

"एक पारा कमी पडला," ते म्हणाले.

"मी स्वतः मोजले. तीस आहेत."

"मोजायले तीसच हायेत वं. वाचलेले एकोणतीस." त्यांनी एक पारा माझ्यापुढे धरला. पंधरावा. "हा माह्याकडे होता. मले वाचताच येत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बोलले. गावात अरबी शिकवणारं कोणी नव्हतं. नमाजेपुरत्या सुरा, म्हणजे कुरआनातले छोटे अध्याय, माईने तोंडी पाठ करून घेतल्या, तिलाही तोंडीच येत होत्या. नागपूरला आल्यावर विचारायची लाज वाटली, आणि मास्तर झाल्यावर तर विचारायची सोयच राहिली नाही. मग कुणाकडे कुरआनखानी असली की शेजारच्याने पान उलटलं की आपणही उलटायचं. "दुसऱ्याच्या घरी चाललं," ते म्हणाले, "पण माहीच माय गेली आणि तिच्यासाठी मी नुसती पानं उलटली..."

मी म्हटलं, द्या इकडे, मी आत्ता वाचून देते. वीस मिनिटांचं काम आहे.

"तू वाचलं तं तुहं होईल," ते म्हणाले. "माहं राहूनच जाईल ना."

मी कपाटातून तुमच्या आईचा जुना कायदा काढला. कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक. त्यात तिने पहिल्या पानावर मांजर काढून ठेवलं होतं. पेटी परत केली आणि तसाच एक पंधरावा पारा दुकानातून आणला. फज्र झाल्यापासून दूधवाला येईपर्यंत आमचा वर्ग. त्यांचं वय तेव्हा चाळिशीपार. गळ्याच्या तळातून काढायची अक्षरं त्यांना काही केल्या जमत नव्हती. मी म्हणायची, "पुन्हा." ते पुन्हा म्हणायचे. मी म्हणायची, "अहो, शेतातल्या बैलाला हाक नाही मारायची, पुन्हा." एकदा वैतागून म्हणाले, "आता कळलं पोट्टे मले मनातल्या मनात काहून शिव्या देतेत." पण एकही सकाळ चुकवली नाही. उन्हाळा आला, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून आम्ही त्याच्या आडोशाला बसायचो आणि ते बोट ठेवून एकेक अक्षर जोडायचे, जसा पहिलीतला मुलगा जोडतो.

कायदा संपला आणि त्यांनी पंधरावा पारा उघडला. पहिल्या काही पानांना किती आठवडे लागले ते मी मोजलं नाही. अर्थ त्यांना कळत नव्हता, मलाही फारसा कळत नव्हता. मी फक्त उच्चार पाहायची. एके दिवशी मी बाजूला तांदूळ निवडत होते आणि ते अक्षरं जोडत चालले होते... रब... रब्बि... मग र, ह, म. एकेक तुकडा जोडत, अडखळत. आणि एकदम अडखळणं थांबलं. पुढचे शब्द त्यांनी न बघताच म्हटले. बोट तिथेच राहिलं, तोंड पुढे गेलं. मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, काही दुखलं का.

"हे तं माईचं हाये," ते म्हणाले.

ती दुआ तुम्हांलाही येते. आईवडिलांसाठी मागायची, की यांनी मला लहानपणी जसं मायेने वाढवलं तशीच देवा तू यांच्यावर माया कर. माईंनी ती त्यांच्याकडून भिवापूरच्या ओसरीत पाठ करून घेतली होती, मिरच्या खुडता खुडता. ती कुठून आली हे माईंना ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही. मला ठाऊक असायला हवं होतं, मी ती जागा दर रमजानात ओलांडलेली होती. ज्या पाऱ्याची त्यांनी नुसती पानं उलटली, त्यातच त्यांच्या आईचे शब्द होते. त्यांनी नाक पुसलं आणि मला म्हणाले, "अजून कुठं कुठं काय असंन वं यात?"

तिथून सगळं बदललं. आधी ते आईचं राहिलेलं काम पुरं करत होते. आता त्यांना कुरआन हवाहवासा झाला, घरच्या कोणाची वाट पाहावी तसा. पारा संपल्यावर ते थांबले नाहीत, पहिल्यापासून सुरू केलं. मराठी अर्थाचा एक जाड ग्रंथ एका मित्राकडून मिळवला. दोन ओळी अरबीत, मग त्याच दोन ओळी मराठीत, आणि मग दिवसभर त्या डोक्यात. शाळेतून येताना सायकल टेकवून दारातूनच विचारायचे, "सकाळच्या त्या पावसाच्या ओळीत मेलेली जमीन जिवंत होते म्हणते, ते मिरचीचं वावर पाहून कळते पाह्य!" मी घड्याळ पाहायची.

"आज किती झालं?"

"दोन ओळी."

"कालही दोनच होत्या."

"कालच्या दुसऱ्या होत्या."

मी हसायची. पण हळूहळू माझंही तांदूळ निवडणं मागे पडलं आणि मी समोर येऊन बसायला लागले. ज्या शब्दांवरून मी वर्षानुवर्षं धावले होते, त्यांच्यापाशी बसायला मला त्यांनी शिकवलं. अर्थात त्यांनी असं कधी म्हटलं नसतं. ते म्हणायचे, उस्ताद तू, मी तुहा पोट्टा.

मोहल्ल्यात पुढची कुरआनखानी करीमभाईंकडे झाली, त्यांच्या वडिलांची. नानांनी पारा उचलला आणि खरोखर वाचायला घेतला. सगळ्यांचे संपले. चहा आला, निवला. ढिगात एकोणतीस पारे आणि मास्तर अजून बोट ठेवून वाचताहेत. कोणीतरी खाकरलं. हाफिजसाहेबांनी हळूच विचारलं, तब्येत बरी आहे ना? नाना म्हणाले, "तब्येत बरी हाये जी. आजवर मी नुसती पानं उलटत होतो. आता वाचून राह्यलो, म्हणून वेळ लागते." करीमभाईंच्या बायकोने मला हे नंतर सांगितलं, ती कप उचलायला दाराशी आली होती. मग हाफिजसाहेब म्हणाले, "मास्टरसाब, आज तक कितने पारे कोरे गए होंगे, अल्लाह जाने. आप पढ़िए, हम बैठे हैं." आणि सगळे बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी दूधवाल्याच्या आधी दारावर थाप पडली. करीमभाई. इतकी वर्षं कुरआनची बासनं शिवणारे करीमभाई. "मास्तर," ते चपला काढत म्हणाले, "मीबी पानंच उलटतो गा." कायदा पुन्हा कपाटातून निघाला. पुढे आणखी तिघं आले. तुमच्या आईचं मांजर त्या सगळ्यांनी पाहिलं आहे.

नानांच्या चाळिसाव्याला तुमच्या आईला येणं जमलं नाही. पेटी आली, तेव्हा तिच्यातला पंधरावा बाजूला काढून मी आमचा ठेवला आणि आतल्या खोलीत तो घेऊन बसले. सगळ्यांचे संपले असावेत, बाहेर हालचाल ऐकू येत होती. मग करीमभाईंचा आवाज आला, "थांबा जी. भाभींचा पारा चालू हाये." मी माईच्या जागेपर्यंत आले. तिथला कागद बोटाने काळवंडला आहे. ते शब्द मी म्हटले, आणि तिथे थोडी थांबले... कोणी हात वर केला नव्हता तरी.

तर समीर, तुझं उत्तर. नानांनाही सुरुवातीला काही कळत नव्हतं. झोपण्याआधी तुझी आई तुला जी दुआ म्हणायला लावते, ती पंधराव्या पाऱ्यात आहे, सुरुवातीच्या पानांत. कुठल्या ओळीत ते मी सांगणार नाही. बोट ठेवून शोध. आयेशाला बरोबर घे.

पारा इथे फळीवर आहे, करीमभाईंनी शिवलेल्या बासनात. सकाळी ते आणि तिघं जण अजून येतात, बाहेरच्या खोलीत बसतात, मी पडद्याआडून ऐकते. दोन ओळी होतात.