वडापाववाल्याचा फ्लेक्स

भिंगारच्या आमच्या चौकात वडापाववाल्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय, आणि तो बघून माझं डोकं फिरलंय. गिऱ्हाईक कुणीही असो, वडा हातात देताना हा माणूस एकच सांगायचा, "लई गरम हाय, फुकून खा." फ्लेक्स लावणाऱ्या ह्याच शेजाऱ्यांनी तळणीच्या वासाची तक्रार करून त्याची गाडी उठवली. गाडी उचलायला आलेल्या माणसांनाही त्यानं आधी कढईतले वडे दिले, "फुकून खा" म्हणाला, आणि मगच स्टोव्ह विझवला. आता त्याच जागेवर ह्यांचे हात जोडलेले फोटो, खाली ठळक नावं. त्याच्या फोटोखाली मात्र नुसतं "आपला लाडका वडापाववाला". तक्रार करताना बरं सापडलं होतं ह्यांना त्याचं नाव!