ढोलामागचा फोम

ढोलपथकात मी चाळिशी उलटल्यावर गेले आणि तीनच वर्षांत नव्यांना शिकवायला लागले. शिकवायची हौस मला जन्मजात. समोरचा विचारो न विचारो.

मागच्या पावसाळ्यात सायखेड्याहून एसटीने एक मुलगी सरावाला यायला लागली. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, बोलणं ओठ बघून समजायचं. "मग ठेका कसा धरतेस?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. तिने पोटावर हात ठेवला. ढोल कमरेला घट्ट आवळला की प्रत्येक टोला पोटात उमटतो, त्यावरून ती पुढचा टोला धरायची. मला कौतुक वाटलं, पण खरं वाटलं नाही.

ती माझ्या उजवीकडे उभी राहायची. ढोल घासून माझ्या पोटाची सालटी निघाली होती, म्हणून मी जुन्या सोफ्यातला जाड फोम कापून ढोलामागे बांधला. फार बरं वाटलं. त्याच आठवड्यात आमच्या रांगेचा ठेका फाटायला लागला. पथकप्रमुखांनी सराव थांबवला. "कोण मागे पडतंय?"

मी तिच्याकडे पाठ केली, माझे ओठ तिला दिसू नयेत म्हणून. आणि म्हणाले, "तिला ऐकूच येत नाही हो. तिचा तरी काय दोष?"

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झेंडा आला. तिने ढोलाची दोरी नीट गुंडाळून माझ्याकडे दिली.

गणपतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन चालली होती आणि मागे आमची रांग पुन्हा फाटली. रविवार कारंजा चौकापाशी थांबलो तेव्हा घामाने जड झालेला फोम मी काढून फेकला. पुढचा टोला थेट पोटात बसला. एवढ्या ढोलांच्या गदारोळात आपला ढोल कुणालाच वेगळा ऐकू येत नाही. आपला हात कधी पडला ते पोटच सांगतं. मी नेमकं तेच झाकून ठेवलं होतं. रांग जुळली. प्रमुखांनी वळून मला अंगठा दाखवला, तेव्हा मला मान वर करवेना.

मिरवणूक संपल्यावर तिला गाठून सगळं सांगितलं.

"माहितीये ताई," ती म्हणाली. "तुमचं टिपरू उशिरा पडायचं. माझ्या बरगडीला लगेच कळायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिकवणाऱ्या. माझं कोणाला खरं वाटलं असतं?"

"मी सांगते प्रमुखांना. उद्याच सांगते."

यंदाचा सराव सुरू होऊन पंधरा दिवस झाले. नव्या मुलींना प्रमुख अजून माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ठेका शिकायचा तर मॅडमकडून शिका. मी टिपरू उचलून त्यांना ठेका दाखवते. काल तिने झेंडा भिंतीला टेकवला आणि माझ्या ढोलावर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली. मी दुसरीकडे बघत वाजवत राहिले.