पाळण्यावरचा पिवळा गोल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आम्ही बौद्ध; नवस, गंडेदोरे आमच्या वडिलांनीच घराबाहेर काढले. त्यात मी तीस वर्षं सरकारी नोकरीत… कागदावर सही-शिक्का असल्याशिवाय काही खरं न मानणारी बाई. तरीही हे लिहितेय.

मुलाने बिबवेवाडीत जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं. सून गरोदर होती, म्हणून म्हटलं, आधी नीट तपासणी करा. एजंटने स्वतःचाच माणूस आणला. त्याने चहा संपायच्या आत बिल्डिंग ठणठणीत असल्याचं जाहीर केलं! मी लायसन्स मागितलं, तर साहेबांना अचानक दुसरीकडचं काम आठवलं. मग मीच चौकशी करून शेख मॅडमना शोधलं — नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांनी दारातच आधी लायसन्स दाखवलं, मग चपला काढल्या. मला तिथेच पटल्या.

चार तास त्या हातोडीने छत ठोकत होत्या. आवाज पोकळ आला की तिथे पिवळ्या खडूने गोल. बाल्कनीत दोन, बाथरूममध्ये एक. बेडरूम भक्कम. ते तिन्ही दुरुस्त करून, सगळं घर पांढरं रंगवून आम्ही राहायला आलो. पुढे नात झाली.

ती अडीच महिन्यांची असेल. दुपारी बेडरूममध्ये तिला झोका देत होते, सहज वर पाहिलं… बरोबर पाळण्याच्या वर, छतावर पिवळ्या खडूचा गोल. नव्या रंगावर! सकाळी तो नव्हता. घरात मी, सून आणि बाळ. शिडी खाली सोसायटीच्या ऑफिसात, कुलपात.

शेख मॅडमना फोन केला. बिचाऱ्या तासाभरात आल्या. शिडीवर चढून इंच न् इंच ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत.

“काकू, इथे काही दोष नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हा गोल मी काढलेला नाही.”

आयुष्यभर पोरांना शिकवलं, पुरावा बघा. पुरावा समोर होता. तरी मी पाळणा ओढत माझ्या खोलीत नेला. मुलगा हसला, म्हणाला, आई, तूसुद्धा? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धाडकन आवाज झाला. धावत गेलो, तर छताचा हा एवढा जाड तुकडा फरशीवर… पाळणा होता त्याच जागी. सून बाळाला छातीशी धरून दारातच उभी राहिली.

शेख मॅडम पुन्हा आल्या. वरच्या खड्ड्याकडे बघत उभ्या होत्या. एवढी शिकलेली बाई, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

“हीच जागा मी स्वतः ठोकून पाहिली होती, काकू.”

कुणाकडे शास्त्रीय स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मला ते हवंच आहे. पण त्या दिवशी मी शहाण्यासारखी वागले असते, तर आज नात नसती.