नारायणगुड्यातील प्रचंड सभा

वृत्तपत्रात नोकरी कशी मिळवावी, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्या व्यवसायात मी एकूण अकरा दिवस होतो. सबब अधिकाराने बोलू शकतो.

आमच्या तरुणपणी हैदराबाद संस्थानात सल्ला देण्यास परवानगी लागत नसे (सभा भरवण्यास लागे). साहजिकच सल्ले मुबलक होते. सुलतान बाजारातल्या एका मराठी साप्ताहिकाला बातमीदार हवा होता. आमचे वकील मामा, ज्यांचे एक पत्र एकदा कुठेतरी छापून आले होते, ते घरातले तज्ज्ञ. त्यांनी बजावले, की नमुन्याची बातमी सोबत न्यावी. घटना डोळ्यांदेखत घडलेली असावी आणि भाषा भारदस्त.

डोळ्यांदेखत घडले होते ते आईचे चैत्रातले हळदीकुंकू. शाळेत निबंधासाठी शिकवलेल्या क्रमाने मी स्थळ, वेळ, उपस्थिती असे मुद्दे काढले. सर्वांत मोठ्याने बोलणारी आत्या ‘अध्यक्षा’ झाली. सुनेला महिनाभर माहेरी पाठवा, असे शेजारच्या काकूंना सगळ्यांनी सुनावले होते, तो ‘ठराव’ झाला आणि एकमताने संमतही झाला (काकू धरून!). आंब्याची डाळ आणि पन्हे यांचा ‘अल्पोपाहार’ केला. संपादकांनी ते वाचले, मान डोलावली आणि वर मथळा चढवून छापून टाकले: ‘नारायणगुड्यात महिलांची प्रचंड सभा’.

अंक निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब तो हातात घेऊन दारात उभे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी दफ्तरात पेशकार. निवृत्तीला तीन महिने उरलेले. त्यांच्याच घरी विनापरवाना सभा झाली असे ठरले, तर नोकरी आणि वजिफा, म्हणजे पेन्शन, दोन्ही बुडणार होते. मामांना त्याच क्षणी अफझलगंजात तातडीचे काम आठवले.

“रावसाब, ये जलसा किसकी इजाजत से हुआ?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले (जलसा म्हणजे त्यांच्या भाषेत सभा). मी परिस्थिती सावरण्यासाठी पन्हे कैरीचे होते, असे निवेदन केले. अमीनसाहेबांनी ते लिहून घेतले.

एवढ्यात आत्या बाहेर आली. अध्यक्षा आपणच, हे तिने विनातक्रार मान्य केले. मग म्हणाली, “पण अमीनसाब, जलशात एक बोलतो अन् बाकीचे ऐकतात ना? इथं बावीस जणी बोलत होत्या. ऐकत कुण्णी नव्हतं.”

अमीनसाहेब विवाहित असावेत. त्यांनी लेखणी खाली ठेवली. सभा झालीच नाही, हे त्यांना पटले. मात्र तसे असेल तर बातमी खोटी, आणि हे त्यांना लेखी हवे होते. ते मी तिथेच, मुद्देसूद, लिहून दिले. अण्णांचा वजिफा वाचला.

पुढच्या अंकात संपादकांचा खुलासा आला: ‘सदर सभेचे वृत्त सपशेल खोटे असून, ते देणाऱ्या आमच्या बातमीदारास कामावरून कमी करण्यात आले आहे.’

माझी नेमणूक झाली होती, हे मला त्यावरून कळले.

तेव्हा होतकरू तरुणांनी वरील सर्व मार्गदर्शन स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती. माझ्या शब्दावर विसंबू नये, याला छापील आधार आहे.