पुढचं दार कुठलं

सरकारी क्वार्टर म्हटलं की लोक नाक मुरडतात. सगळी एका साच्यातली, पिवळी, डब्यासारखी. मुरडा खुशाल. भोपाळच्या एका कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी अर्धं आयुष्य काढलंय, आणि त्या घरांइतकी शहाणी घरं मला पुढे कुठेही भेटली नाहीत. माझ्या मुलीचा मिसरोदजवळचा नवा फ्लॅटसुद्धा तितका शहाणा नाही. तिला हे आवडत नाही, पण मी बोलणारच.

ज्याने कुणी ती क्वार्टर्स आखली, त्याने दोन ओळींची स्वयंपाकघरं समोरासमोर ठेवली होती आणि मधे मोकळं मैदान. मैदानातली जांभळाची झाडं तोडायची नाहीत म्हणून एक ओळच जरा वाकवली होती. आमच्याकडे फोडणी पडली की समोरच्या बंगाली घरात ठसका लागायचा. शेजारच्या केरळच्या बाईंचं खोबरं आमच्या खाटेवर वाळायचं. सगळं येणं-जाणं स्वयंपाकघराच्या दाराने. रस्त्याकडचं दार कुणी उघडतच नसे. बहुतेकांनी त्याला लावून कपाट नाहीतर शिलाई मशीन ठेवलं होतं.

मला सकाळच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी होती, ती त्या मैदानाच्या जिवावर. मी आमच्या दारातून मुलीला सोडायची, ती दुडुदुडु धावत समोरच्या पंजाबी भाभींच्या दारात पोहोचायची, की मी बस गाठायला मोकळी. भाभींचे गुडघे गेलेले, पण त्यांना फक्त दारात उभं राहायचं असे.

एका संध्याकाळी हे उशिरा घरी आले. कारखान्याच्या सिव्हिल विभागात इंजिनिअर होते.

"मैदानाच्या मधोमध भिंत घालायचीय," म्हणाले. "सुरक्षेसाठी. वरून ऑर्डर आहे."

"आणि माझी नोकरी?"

"रस्त्याने सोड ना तिला."

"सगळ्या ओळीला वळसा घालून? आणि बस कोण थांबवणार, तुमचे साहेब?"

"साहेबांना नाही कसं म्हणू?"

"तोंडाने," मी म्हटलं. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्या रात्री पोळ्याही करपल्या.

सकाळी मैदानात फक्कीची पांढरी रेघ पडलेली होती. आणि दुपारी साहेब पाहणीला आले. हातात नकाशा, आणि नकाशात घराचं पुढचं दार रस्त्याकडचं, त्यामुळे आले ते रस्त्याकडून. घरातून मैदानात जायला म्हणून पहिलं दार वाजवलं. आतून आवाज आला, "पीछे से आइए!" दुसऱ्या दारालाही तेच. तिसरं आमचं. मी आतूनच ओरडले, "आलमारी है साहब, पीछे से आइए!" आम्ही ठरवून काही केलं नव्हतं. फक्त कपाट हलवायला कुणी उठलं नाही, आणि मी तर कुणाला हलवू दिलंच नसतं.

साहेब उन्हातून सगळी ओळ फिरून, घामाघूम होऊन मैदानात आले. मागे हे. बायका पापड वाळत घालून बसलेल्याच होत्या, त्या हलल्या नाहीत. मी मुलीला कडेवर घेऊन त्या रेघेवर जाऊन उभी राहिले.

"सर, जो चक्कर आपने अभी काटा, वही आप हमसे रोज़ कटवाने वाले हैं."

"ठीक है, बीच में एक गेट छोड़ देंगे."

"गेट पे ताला लगेगा, और चाबी आपके पास रहेगी. नहीं चाहिए."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "ये आपकी मिसेज़ हैं?"

"जी सर." ह्यांनी घाम पुसला. मला वाटलं, आता माझ्या वतीने माफी मागतात. तर म्हणाले, "और सर, नक्शा ग़लत है. घर का सामने वाला हिस्सा यही है. यह दीवार मैं नहीं बनवाऊँगा."

भिंत झाली नाही. ह्यांची बढती मात्र हुकली, आणि का हुकली ते सगळ्या ओळीला ठाऊक होतं. ज्या दिवशी कळलं त्याच संध्याकाळी मी बिट्टन मार्केटातून पेढे आणले आणि मैदानात वाटायला निघाले.

"किस खुशी में?" भाभींनी विचारलं.

"इनका प्रमोशन रुक गया," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि पहिला पेढा ह्यांच्या तोंडात घातला.