डॉक्टरांच्या कागदांत आईचं पत्र

दारव्ह्याला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डॉक्टरांचे कागद आले ते टेम्पोतून, अकरा खोक्यांत. डॉक्टर म्हणजे आमच्या भागातले जुने आमदार. सकाळी दवाखाना, दुपारून मतदारसंघ आणि अधिवेशन लागलं की मुंबई नाहीतर नागपूर, असं त्यांचं दोन निवडणुका चाललं. ते गेल्यावर मुलीनं घर आवरलं आणि कागद आम्हाला दिले. तिची अट एकच होती, पेशंटचं काहीही कुणाच्या हाती पडता कामा नये. मी तिथली ग्रंथपाल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं.

मला वाटलं होतं, तीन गठ्ठे करायचे: विधानसभा, मतदारसंघ, पेशंट. पण डॉक्टरांनी यातलं काही वेगळं ठेवलंच नव्हतं. औषध कंपनीच्या पॅडवर वरती एखाद्याचा ताप आणि छातीतला कफ, त्याच कागदावर खाली त्याच्या गावच्या पुलाची मागणी. एकेका कागदावर मी दहा-दहा मिनिटं अडून बसायची.

सातव्या खोक्यात मला आईचं अक्षर दिसलं.

माझी आई आरोग्यसेविका होती. आर्णीकडच्या एका खेड्यात उपकेंद्रावर एकटीच. गावातली माणसं तिला सिस्टर म्हणायची. मी सातवीत असताना तिची बदली पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर झाली. ती दोन वर्षं मला मामाकडे ठेवलं. बाबा सांगायचे, "तुह्या आईनंच मागून घेतली बदली. वरची जागा भेटते म्हने." ते वाक्य मी चाळीस वर्षं धरून बसले होते. आई महिन्यातून एकदा यायची, तेव्हा मी मुद्दाम शेजारी खेळायला जायची.

पत्र डॉक्टरांना लिहिलेलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लस ठेवायचा फ्रीज तीन आठवड्यांपासून बंद आहे, तरी तक्त्यात रोजचं तापमान भरलं जातं आणि तीच लस आम्हाला टोचायला देतात, असं तिनं लिहिलं होतं. एका मुलाचं नाव होतं. लस देऊनही त्याला गोवर झाला होता. शेवटी होतं, "माझे नाव कोठेही येऊ देऊ नये ही विनंती. सविनय जयभीम."

त्याला टाचणीनं जोडलेला होता डॉक्टरांच्या हातचा विधानसभेतल्या प्रश्नाचा मसुदा. त्यात आईचं नाव नव्हतं, पण गावाचं होतं. त्या गावात सिस्टर एकच. नाव लिहायची गरजच काय होती? मसुद्यावरची तारीख आईच्या बदलीच्या जेमतेम महिनाभर आधीची होती.

मी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा पत्र वाचलं. बाहेर मुलं परीक्षेचे फॉर्म भरत होती, कुणीतरी शिक्का मागायला आलं, मी दोन ठिकाणी चुकीचा मारला. डॉक्टरांचा चष्मा, खादीचा सदरा, लोक त्यांच्या पाया पडायचे ते, सगळ्याचा मला राग येत होता. मग मी जन्मात न केलेली गोष्ट केली. संग्रहातला कागद पर्समध्ये घातला आणि घरी नेला.

रविवारी आर्णीची बस पकडली. आई आता ऐंशीच्या घरातली. एकटी राहते, भाजी स्वतः आणते.

"काहून आली वं अशी अचानक? बरी हायेस ना?"

मी चपलाही काढल्या नाहीत. दोन्ही कागद तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं चष्मा शोधला, तो पदरानं पुसला आणि हळूहळू वाचलं. मी उभीच.

"हे ठेवलं त्याईनं?" तिला याचंच नवल.

"आई, तू नाव येऊ देऊ नका म्हणून लिहिलं होतंस. त्यांनी गावच टाकलं!"

"बस तं खरं. मीच टाकाले लावलं."

मग तिनं सांगितलं. पत्र गेल्यावर डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, गावाचं नाव नसलं तर मंत्री एका ओळीत उत्तर देतील, 'हे खरे नाही.' गाव टाकलं तर चौकशी करावी लागेल. "पन सिस्टर, मंग तुमची बदली होईन. ते मले थांबवता येनार नाई." आई विचार करते म्हणाली आणि घरी आली. दोन दिवसांनी जाऊन सांगून आली, लिहा.

"काहून पण?"

"त्या पोराचा डोळा गेला ना गोवरात. त्याची माय मले म्हने, सिस्टर, सुई तं तुमीच देल्ली होती. भांडली नाई, रडली नाई. नुसती म्हने. म्या काय सांगू तिले?"

"आणि मला?"

"तुले काय?"

"मला का नाही सांगितलंस? बाबा वेगळंच सांगायचे."

"म्याच सांगाले लावलं त्याईले. तू रडली असती तं मी गेलीच नसती. तो कागद वापस मांगून आनला असता."

"दोन वर्षं, आई. मला एकदा विचारायचं तरी."

"नाई इचारलं," ती म्हणाली. बस, एवढंच. ना समजूत घातली, ना चुकलं म्हणाली. मग चहा ठेवायला उठली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले, परत बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"फ्रीज आला?"

"आला तं. सात-आठ महिन्यानं. मी पोडावर होती तवा. मले दुसऱ्या सिस्टरनं सांगतलं."

निघताना तिनं पत्र स्वतःच पर्समध्ये घालून दिलं. "हे तिथंच नेऊन ठेव. माहं नाव राहू दे. त्या पोराचं मात्र झाक. मोठा बाप्या झाला असन आता, त्याले कायले लोकांच्या तोंडी देता?"

सोमवारी मी डॉक्टरांच्या मुलीला फोन केला आणि कागद घरी नेला होता हे, आणि आईच्या बदलीचंही सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, "बाबांनी त्यांची बदली थांबवायचा प्रयत्न केला होता का हो?"

मला माहीत नव्हतं. मुलाचं नाव झाकलेली प्रत मी वाचकांसाठी ठेवली, मूळ पत्र बंद पाकिटात घातलं आणि आठवं खोकं उघडलं. मग नववं. डॉक्टरांनी कुणाकुणाच्या बदल्या थांबवायला लिहिलेल्या शिफारशी सापडल्या, मास्तरांच्या, तलाठ्यांच्या, एका वनरक्षकाच्या. आईसाठी एक ओळ नाही. प्राचार्य विचारतात, यादी कधी होणार? मी सांगते, होऊन राह्यली. खरं तर आधी तपासलेली खोकीसुद्धा मी पुन्हा काढली आहेत, एखादा कागद दुसऱ्याला चिकटून राहिला असेल म्हणून.

परवा आईला फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी लिहिलेलं काहीच सापडत नाही. ती म्हणाली, "नसन लिवलं. त्याईनं तोंडावर सांगतलंच होतं ना." तिचा आवाज अगदी निवांत. भाजीवाला आला म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मी फोन हातात धरून कपाटांमधल्या बोळीत इकडून तिकडे चालत राहिले.