तनुजाचं नाव कुठल्या यादीत

सिंधुबाईंच्या हाती मतदारयादी आली की दुपार लांबत जाई. हदगावपासून पाऊण तासावरच्या त्या गावात त्या बावीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. मतदान केंद्राची अधिकारी, म्हणजे बीएलओ, म्हणून यादीचं कामही नऊ वर्षांपासून त्यांच्याकडेच होतं. घरोघर जायचं, कोण वारलं, कोण अठरा वर्षांचं झालं, ते टिपायचं.

कापूस वेचणीचे दिवस. माणसं रानात, गल्ल्या सामसूम, ऊन पिवळं. यादी वाचत चालता चालता गाव कुठं संपतं आणि यादी कुठं सुरू होते, हे त्यांना कळेनासं होई. ओट्यावर म्हातारा, यादीत त्याचं नाव, वय एकाहत्तर. पुढचा ओटा, वय अडुसष्ट. म्हातारी मंडळी एकूण एक हजर. मध्येच एखाद्या दारापुढे त्या थबकत. इथला सत्यम वजनकाट्याच्या झोळीत बसताना पाय झाडायचा. तो आता विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. खिचडीतून शेंगदाणे तेवढे वेचून खाणारी शिल्पा नांदेडला नर्सिंगला. दारात मात्र ती पोरं अजून दोन-अडीच वर्षांचीच दिसत, शेंबडी, हसरी. यादीत कुठंच नसत. अंगणवाडीच्या जुन्या नोंदींप्रमाणे गावातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं एक्केचाळीस भरत होती. यादीत होती सहा.

सत्यमची आजी साखराबाई त्या दिवशी वैतागलीच.

"तिसऱ्यांदा आलीस ग बाई, नातवाचं नाव घाला म्हणून. तुझ्या तनूचं हाय का यादीत?"

सिंधुबाईंनी यादी मिटली. नव्हतं.

लेक तनुजा अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी फॉर्म काढला होता. पण नवरा, ग्यानोबा, म्हणाला होता, "आता स्थळं बघून राहिलोत. लगीन झालं की सासरच्या यादीत चढंल नाव. दोन-दोनदा कशाला?" हेच बोलणं त्यांनी घरोघरी ऐकलं होतं आणि घरोघरी खोडून काढलं होतं. स्वतःच्या घरात मात्र फॉर्म ट्रंकेत गेला. पुढे स्थळ जमलं नाही आणि तनुजा लातूरला फार्मसी शिकायला गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी नवा फॉर्म भरायला घेतला. ग्यानोबा म्हणाला, "घाल बाई घाल. साखरामावशी मला बी बोलली पारावर."

सही आणि फोटो तेवढा बाकी राहिला. मग रोज यादी उघडली की सिंधुबाईंची नजर आपल्या घराच्या ओळींवर जाई. ग्यानोबाच्या खाली सिंधु, आणि तिच्या खाली तनुजा. न छापलेली ती ओळ त्यांना स्वच्छ वाचता येई. पोरगी घरी असल्यासारखं वाटे.

दिवाळीला तनुजा आली. चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"माय, हितं न्हाई भरायचं मला. मी लातूरला भरून राहिले."

"लातूरला? तिथं काय आपलं घर हाय?"

"वर्षाचे दहा महिने मी तिथंच ऱ्हाते. मतदानाची सुट्टी एक दिवसाची. येणार कवा, जाणार कवा? हितं काय नुसतं नाव पायजे का तुला?"

"तुझ्या मायनं एक पेन सुकवला त्या फॉर्मावर," ग्यानोबा दारातून म्हणाला.

"बाबा, तुमी तर मला सासरी पाठवायलते. लातूर काय वाईट हाय?"

ग्यानोबा हसत बाहेर सटकला. सिंधुबाई हसल्या नाहीत. वसतिगृहातल्या मुलांना राहतात तिथं नाव नोंदवता येतं, हे त्यांनीच गावातल्या तीन आयांना समजावलं होतं. नियम पाठ होता. पण ती तिसरी ओळ डोळ्यांपुढून विरत चालली होती, आणि तिला धरून ठेवायला नियमात काही नव्हतं. त्यांनी फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या.

"कॉलेजचा दाखला काढलास?"

"हाव."

"मग अडलं कुठं?"

"तुझ्या मतदान कार्डाचा नंबर पायजे. घरच्या माणसाचा लागतो."

सिंधुबाईंनी कार्ड आणलं आणि एकेक अक्षर, एकेक आकडा सावकाश सांगितला. तनुजा मोबाइलवरच्या फॉर्मात टिपत गेली.

"वाच परत."

तिनं वाचलं. बरोबर होतं.

लातूर सिंधुबाईंनी एकदाच पाहिलं होतं, तेही बसच्या खिडकीतून. आता त्यांना तिथली एक अनोळखी गल्ली दिसू लागली. दुपारची सामसूम, वसतिगृहाचं फाटक, आणि हातातल्या कागदांवर बोट ठेवून चालत येणारी कुणी एक बाई. ती फाटकाशी थांबली. तनुजा कोण, म्हणून तिनं विचारलं.

"तिथली बीएलओ येईल तपासायला," सिंधुबाई म्हणाल्या. "आली की आधी पाणी दे तिला. लई फिरून आलेली असती."

"हाव ग माय," तनुजा म्हणाली, आणि फॉर्म पाठवायचं बटण दाबलं.